मीटिंग कुठे असते?

दारूच्या दुष्परिणामांवर आकाशवाणीवरून आजवर पुष्कळ जाणकार बोलले आहेत. डॉक्टर बोलले, समाजसेवक बोलले, कीर्तनकारही बोलले. मी यांपैकी कुणी नाही. मी मराठीत कविता लिहितो, बी. ए.पर्यंत शिकलो आहे आणि पनवेलजवळ नेरे भागात राहतो. आमच्याकडे चार बुकं जास्त शिकलेल्या माणसाच्या दारात लोक कसलेही कागद घेऊन येतात. सातबारा, रेशनकार्ड, पोरांचे दाखले, बँकेची नोटीस. अशीच एक बाई एका संध्याकाळी आली. हातात कागद नव्हता. उंबऱ्याशीच उभी राहून म्हणाली, "चाचा, ती दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते ना, ती कुठे असते?"

पनवेलला ज्या घरी ती कामाला जाते, तिथल्या बाईंकडून तिनं या मीटिंगबद्दल ऐकलं होतं. नवरा रिक्षा चालवतो. सकाळी हात थरथरतात, म्हणून आधी क्वार्टर आणि मग रिक्षा, अशी वेळ आली होती. मोठ्या मुलाची दहावी जवळ आली होती. रिक्षाचे हप्ते थकले होते. तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते आज सांगतो. सांगायला त्या दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बाजूला ठेवलं आहे.

आधी आमचा मुलूख सांगतो. पनवेलहून सुकापूर, आकुर्ली मागे टाकलं की नेरे येतं. समोर माथेरानचा डोंगर, एका अंगाला मलंगगडाची रांग, मधून गाढी नदी. नदीच्या वरच्या अंगाला देहरंगचं धरण. पावसाळ्यात मुंबईकर मंडळी सहलीला येतात आणि परत जाताना बाटल्या इथंच ठेवून जातात, हा भाग निराळा. पूर्वी भातशेती होती, अजूनही आहे. पण जमिनीला भाव आला, फार्म हाऊस झाली, २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या हातात एकदम पैसा आला आणि ज्यांच्याकडे विकायला काही नव्हतं, त्यांच्या हातात काहीच आलं नाही. दारू मात्र दोघांच्याही घरी पोचली. एकाकडे बाटलीतून, दुसऱ्याकडे फुग्यातून.

तिचा प्रश्न ऐकल्यावर मला गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आठवलं. १९१९ साली ते रंगभूमीवर आलं. त्यात तळीरामाचं आर्यमदिरामंडळ आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. प्यायला मंडळ आहे, मंडळाला सभासद आहेत, बैठक आहे. आणि सोडायची म्हटली तर? तर एकटी सिंधू. शंभर वर्षं होऊन गेली, पण कुठल्याही गावात जा, प्यायचं मंडळ तुम्हाला पत्ता न विचारता सापडेल. कुणाच्या हळदीत, कुणाच्या शेतघरावर, मॅच असली की मंदिरामागच्या पारावर. त्यासाठी कुणाला माझ्या दारात येऊन "मीटिंग कुठे असते" असं विचारावं लागत नाही.

आता, सोडायचे मार्ग आमच्या भागात नव्हतेच असं म्हणणं अन्यायाचं होईल. पहिला मार्ग माळेचा. आमच्याकडच्या आगरी गावांत वारकरी पंथ मुरलेला आहे. एखाद्यानं पंढरीची माळ घातली की मांस-मच्छी सुटली, दारू सुटली. गंमत अशी की माळ एकट्याच्या गळ्यात पडत नाही. तिच्यामागे एकादशीचं भजन येतं, हरिनाम सप्ताह येतो, आणि हळदीच्या मांडवात "अरे, त्याला देऊ नको, माळकरी आहे" असं म्हणणारे चार जण येतात. दुसरा मार्ग बैठकीचा. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ साली समर्थांच्या दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली. २००८ साली नानासाहेब गेले, तरी रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी गावांत आजही आठवड्याच्या बैठकीला माणसं जातात. बैठकीला जायला लागला आणि बाटली सुटली, अशी घरं मी स्वतः ओळखतो. निरूपणाच्या तात्त्विक बाजूबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि न गेल्यास "काल दिसला नाहीस" असं विचारणारं कुणीतरी, यात मोठी ताकद आहे.

पण या बाईच्या नवऱ्यानं माळ दोनदा घालून दोनदा उतरवली होती. तिसऱ्यांदा घालायची त्याला लाज वाटत होती. माळ उतरवलेल्या माणसाकडे गाव ज्या नजरेनं बघतं, तिचं वर्णन मी करायला नको.

शपथेचा मार्गही त्यानं करून पाहिला होता. कुणी देवाला सोडतं, कुणी मलंगगडावर जाऊन शपथ घेतं, कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो. यातला शेवटचा प्रकार मला क्रूर वाटतो. शपथ मोडली की पोराला ताप आला तरी बाप स्वतःला अपराधी समजतो, आणि अपराधी वाटलं की पुन्हा पितो. शिवाय आपल्याकडे एक फसवा हिशोब आहे. श्रावण पाळला म्हणजे आपण व्यसनी नाही. गटारीला पोटभर प्यायची, महिनाभर सोडायची आणि गणपती गेले की पुन्हा सुरू. आमच्यात हाच हिशोब रमजानचा. तीस दिवस थेंब न घेणारा माणूस ईदच्या रात्री कुठे असतो, हे त्याच्या बायकोला विचारावं. "मनात आणलं तर मी केव्हाही सोडतो" हे सिद्ध करायला दोन्ही धर्मांनी एकेक महिना दिला आहे, असं या मंडळींना वाटतं.

भिंतींवर आणखी एक मार्ग रंगवलेला असतो. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा." भाजीत मिसळायची पावडर. त्या बाईनं तीही आणली होती, पण सुदैवानं वापरली नव्हती. श्रोतेहो, याबाबत सावध राहा. अशा पुड्यांत काय असतं ते सांगता येत नाही. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिरम नावाचं औषध देतात, पण ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच. ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब एकदम उतरू शकतो, जीवही जाऊ शकतो. नकळत दिलेलं औषध म्हणजे विषप्रयोगच. आणि समजा काही झालं नाही, तरी ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवसापासून तो घरचं जेवण संशयानं जेवेल.

आमची पहिली फेरी झाली ती नेऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथं एक गोष्ट कळली, ती मी प्रत्येकाला सांगत असतो. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसानं एका दिवसात एकदम दारू बंद केली, तर ते धोक्याचं असतं. काही तासांत कापरं भरतं, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस बरळतो, आणि उपचार झाले नाहीत तर दगावतोही. घरातली माणसं म्हणतात, "दारू सोडली म्हणून आजारी पडला, द्या त्याला थोडी." म्हणून पहिला आठवडा डॉक्टरच्या नजरेखाली काढायचा. आमच्या माणसाला सात दिवस दवाखान्यात ठेवलं. गोळ्या, सलाइन, जीवनसत्त्व ब-१. आठव्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याचे हात स्थिर होते. बायकोला वाटलं, झालं. डॉक्टर म्हणाले, "आता कुठे सुरुवात झाली."

दारू शरीरातून काढायला आठवडा पुरतो. नंतरची संध्याकाळ काढायला कुणीतरी लागतं. दिल्लीच्या 'एम्स'नं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेले सुमारे २ कोटी ९० लाख लोक आहेत आणि अशा दर ३८ जणांत जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतात, असं म्हटलं आहे. उरलेले ३७ काय करत असतील? माळ, शपथ, पुडी. किंवा काहीच नाही.

आता मीटिंगकडे येतो. या मीटिंगांची सुरुवात कशी झाली, ती हकीकत मला फार आवडते, कारण तीही पत्ता शोधण्याचीच हकीकत आहे. १९३५ सालचा मे महिना. अमेरिकेत ॲक्रन नावाचं गाव. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल विल्सन, धंद्याच्या कामासाठी तिथं आला होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. काम फसलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा, बाजूला बार, बारमधून हसण्याचे आवाज. त्याला कळलं की आता आपण आत जाणार. त्याच दिवाणखान्यात गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. त्यानं एका पाद्र्याला फोन लावला आणि विचारलं, तुमच्या गावात एखादा दारूडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. एका फोनवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं करता करता त्याला एका बाईंनी डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याकडे पोचवलं. हे शल्यविशारद होते आणि पक्के पिणारे. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटंच देईन. दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. बिलनं उपदेश केला नाही, आपलीच कथा सांगितली. डॉक्टरांना पहिल्यांदाच वाटलं की या माणसाला हे आतून माहीत आहे. तरीही ते मध्ये एकदा घसरले. मग १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा प्याला घेतला, आणि तो दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या चळवळीचा जन्मदिवस मानतात. तिला लोक 'ए. ए.' म्हणतात.

जाता जाता सांगतो, हरिवंशराय बच्चन यांची 'मधुशाला' प्रसिद्ध झाली तीही १९३५ सालीच. आणि बच्चनजी स्वतः पीत नसत. आम्हा गझलवाल्यांच्या साकीला, मयखान्याला प्रतीक म्हणून मोठी परंपरा आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण ज्या घरात भांडी विकून बाटली येते, तिथं ते प्रतीक घेऊन जायची हिंमत मला होणार नाही.

भारतात ए. ए. १९५७ साली मुंबईत सुरू झालं. भायखळ्याला त्यांची मुख्य कचेरी आहे. पुढे महाराष्ट्रात इतरही कामं उभी राहिली. फादर जो परेरांनी १९८१ साली वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' काढलं. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झालं. अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी देणगी दिली आणि डॉ. सुनंदा अवचटांनी ते काम हाती घेतलं, हे बहुतेकांना माहीत असेल. पण 'मुक्तांगण'मधून घरी परतलेल्या माणसासाठी निरनिराळ्या गावांत पाठपुराव्याच्या बैठका भरतात आणि बायकांसाठी 'सहचरी' नावाचा निराळा गट आहे, हे फार जणांना माहीत नसतं. मलाही या शोधातच कळलं.

तर मी फोन केला. पलीकडच्या माणसानं माझं नाव विचारलं नाही. "तुम्ही स्वतः, की घरातलं कुणी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, शेजारी आहे. तो म्हणाला, "त्यांना यायचंय का? मग त्यांनाच फोन द्या." मी फोन दिला. रिक्षावाला आठ-दहा मिनिटं नुसता "हं, हं" करत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही पण?" आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते गेल्या दोन वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याही बोलण्यानं दिसलं नव्हतं.

पनवेलला मीटिंग होती. वार कळला, वेळ कळली, जागा कळली. आता मला वाटलं की काम झालं. पण तो म्हणाला, "चाचा, पनवेलला नको. तिथं सगळे ओळखतात." खरी अडचण पत्त्याची नव्हतीच. शहरातल्या माणसाला मीटिंग घराजवळ हवी असते, गावातल्या माणसाला ती दोन स्टॉप पुढे हवी असते. गंमत बघा, दारूच्या दुकानाच्या रांगेत उभं राहताना त्याला कुणाची लाज वाटत नव्हती. रस्त्याच्या कडेला पडलेला त्याला अख्ख्या गावानं पाहिला होता. पण सोडायला जाताना कुणी पाहू नये! मला आधी हसू आलं, मग पटलं. पिणारा म्हणून गाव त्याला ओळखतं, तिथं आता गमावण्यासारखं काही नाही. सोडणारा म्हणून ओळखलं, आणि उद्या नाही जमलं, तर माळ उतरवल्याची तिसरी गोष्ट होईल.

आमच्या मोहल्ल्यांत ही अडचण दुप्पट. दारू हराम आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे "आमच्यात कुणी पीत नाही" हे इतकं ठरलेलं असतं, की जो पितो तो नसतोच. तो आजारी असतो. त्याला 'पोटाचं' असतं, 'जिगरचं' असतं. मयत झाली तरी घरचे "कावीळ झाली होती" म्हणून सांगतात. आता जो माणूस समाजाच्या हिशेबात नाहीच, त्यानं मीटिंगचा पत्ता विचारायचा कुणाला? मशिदीत विचारणार? त्याच्यासाठी दुआ करणारे पुष्कळ निघतील, पण "चल, मी येतो तुझ्याबरोबर" म्हणणारा एखादाच. यात बदल व्हायला हवा असं मी आमच्या मंडळींत बोलतो, आणि काहींना ते रुचत नाही.

तर आम्ही आधी नवी मुंबईतल्या एका मीटिंगला गेलो. या मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. काही फक्त पिणाऱ्यांसाठी, काही खुल्या. खुल्या मीटिंगला घरचे, शेजारी, कुणीही बसू शकतं. म्हणून मला बसता आलं. तिथं कुणी काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तो तिथला नियम आहे आणि मी तो मान्य करून आत गेलो होतो. रेडिओवर बोलणाऱ्याच्या दृष्टीनं हे नुकसानीचं आहे, कारण तसं बोलणं मी कुठल्या संमेलनातही ऐकलेलं नाही. पण खोलीचं वर्णन करायला हरकत नाही. शाळेचा वर्ग होता. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वळवून बसली होती. फळ्यावर अपूर्णांकाची गणितं तशीच होती. चहा होता, पारले बिस्किटं होती. प्रत्येकानं फक्त पहिलं नाव सांगितलं. कुणी मध्ये बोललं नाही, सल्ला दिला नाही. बोलायची सक्तीही नव्हती. आमचा माणूस पहिल्या दिवशी एक शब्द बोलला नाही आणि त्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही. शेवटी एक डबा फिरला. मी दहा रुपये टाकायला गेलो, तर शेजारच्यानं हळूच हात धरला. बाहेरच्यांकडून पैसा घ्यायचा नाही, खर्च आपापसात भागवायचा, असा त्यांचा दंडक आहे. वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळांनी एकदा तरी हे पाहावं.

देवाचं नाव निघतं, ते खरं. पण ज्याला जो देव समजला असेल तो. विठ्ठल, अल्ला, येशू, किंवा ज्याला देव मानवत नाही त्याला तो खोलीतला समूहच. बैठकीत माणूस ऐकायला जातो, इथं ऐकायला आणि बोलायला. एकाला एक मानवेल, दुसऱ्याला दुसरं. यांत स्पर्धा लावायचं कारण नाही. याचा उपयोग होतो का, असं विचाराल, तर २०२० मध्ये जगभरातल्या २७ अभ्यासांची छाननी प्रसिद्ध झाली आहे. साडेदहा हजारांवर माणसं त्यात होती. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, माणसाला अशा मीटिंगांशी जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे किंवा त्यांहून सरस ठरले. अर्थात हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले. नेरे-मालडुंग्याच्या बाजूला येऊन कुणी असा अभ्यास केला तर बरं होईल.

घरी मात्र त्याची आई म्हणत होती, "हा कसला आजार? आजारी माणूस काय हातानं उचलून आजार पितो?" अमेरिकेच्या वैद्यक संघटनेनं १९५६ सालीच याला आजार म्हटलं, हे म्हातारीला सांगून उपयोग नव्हता. मी तिला शांतिवनाकडे बोट दाखवलं. नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. एके काळी महारोग हे पापाचं फळ समजत. घरचेच रोग्याला बाहेर काढत. मग १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि गोळ्यांनी रोग पूर्ण बरा होऊ लागला. म्हातारीनं हा सगळा बदल डोळ्यांनी पाहिलेला. मी म्हटलं, "आई, त्या रोगात काय होतं? हात बधिर होतो. चुलीत गेला तरी चटका कळत नाही. तुमच्या मुलाचं तेच झालंय. घर जळतंय, त्याला चटका कळत नाही." ती काही बोलली नाही. तिला पटलं असं मी म्हणणार नाही. पण मीटिंगच्या दिवशी रिक्षा लवकर बंद केली म्हणून ती जी कटकट करायची, ती थांबली.

बायकोसाठीही गट असतात. 'अल-ॲनॉन' नावाची चळवळ १९५१ साली निघाली, ती घरच्यांसाठी. पिणाऱ्याच्या घरात सगळेच त्याच्या घड्याळावर चालतात. पावलांचा आवाज ओळखायचा, खिसे तपासायचे, शेठला खोटं सांगायचं. नवरा मीटिंगला जायला लागल्यावर तिचं काय करायचं, हे तिलाच कळत नव्हतं. "चाचा, आता संध्याकाळी घर एवढं शांत असतं की भीती वाटते," असं ती म्हणाली होती. आमच्या भागातून तिला जाण्यासारखा बायकांचा गट अजून मिळालेला नाही. 'सहचरी'सारखं काही पनवेलच्या खेड्यांत कुणी सुरू केलं, तर पहिली बाई मी आणून देईन.

पुढे नवी मुंबई परवडेना. जाण्या-येण्याचं भाडं, शिवाय संध्याकाळचा धंदा बुडायचा. तेव्हा तो पनवेलच्या मीटिंगला जायला तयार झाला. पहिल्या दिवशी फाटकापाशी गेला आणि परत आला. का, तर बाहेर एक मोटारसायकल उभी होती, नंबर ओळखीचा, आपल्याच बाजूचा. त्या आठवड्यात एका हळदीत तो प्यायला. बायको पुन्हा माझ्या उंबऱ्याशी. मी तिला त्या डॉक्टर बॉबची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "मग तो डॉक्टर पुन्हा गेला का मीटिंगला?" म्हटलं, गेला.

पुढच्या आठवड्यात हाही गेला. मोटारसायकल होतीच. आत गेला तेव्हा तिचा मालक बाकावर बसलेला होता. रात्री परत आल्यावर मी विचारलं, कोण रे तो? तर म्हणाला, "चाचा, ते तिथलं तिथं." मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, त्याच्या पोटात गोष्ट राहिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी राहिली. गावात कुणी कुणाला अनोळखी नसतं, तरी 'अनामिक' राहता येतं, ते असं. तो माणूस कोण, हे मला आजही माहीत नाही आणि मी आता विचारत नाही.

ज्यांना हा शोध सुरू करायचा आहे, त्यांनी सरकारच्या व्यसनमुक्तीच्या १४४४६ या क्रमांकावर किंवा मानसिक आरोग्याच्या 'टेलिमानस'च्या १४४१६ वर फोन करावा. पैसे पडत नाहीत. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारावं. पिणाऱ्याला फोन स्वतः करू द्यावा. पहिल्या मीटिंगला बरोबर जावं, पण आत त्याच्या वतीनं बोलू नये. आणि पहिली मीटिंग आवडली नाही तर दुसरी बघावी. प्रत्येक खोलीचा स्वभाव निराळा असतो.

आणि जवळपास मीटिंग नसेलच तर? ए. ए.चा एक नियम मला त्या वर्गात कळला. दारू सोडू इच्छिणारे दोघे एकत्र बसले, आणि गट म्हणून ते दुसऱ्या कुठल्या संस्थेला, पक्षाला बांधलेले नसले, की तो गट झाला. नोंदणी नको, अध्यक्ष नको, उद्घाटनाला आमदार नको.

परवा रिक्षावाला आला होता. पावसाळ्यात संध्याकाळी पनवेलला जाणं अवघड होतं, म्हणून तो आणि तो मोटारसायकलवाला इथंच बसायचं म्हणतायत. वार गुरुवार ठरला आहे. जागेचा प्रश्न आहे. देवळात नको, मशिदीत नको, कुणाच्या ओटीवर तर नकोच. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग संध्याकाळी मिळावा म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा आहे. तो लिहून द्यायला मला सांगितलं आहे. अर्जात कारण काय लिहायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.